बरी झाल्यानंतरचे ताट

क्षयातून उठलेल्या माणसाने लेखणी हाती घेतली, की त्याने प्रथम सर्वांचे आभार मानावेत अशी अपेक्षा असते. डॉक्टरांचे, परिचारिकांचे, घरच्यांचे, आणि ज्यांचा विश्वास असेल त्यांनी दैवाचे. आभार मी मानते, त्यात कसूर करीत नाही. परंतु मला बरे होऊन दहाएक वर्षे झाली, आणि माझा राग अजून गेलेला नाही. तो झाकून लिहिले तर हे लिखाण सुबक होईल, पण ज्यांच्यासाठी लिहीत आहे त्यांच्या काही कामाचे राहणार नाही.

मी शाळेत शिकवते. फळ्यावर लिहिण्याची सवय आहे. स्वतःविषयी कागदावर लिहिण्याची नाही, आणि पस्तिशी उलटल्यावर ती लावून घेताना संकोच होतो. तरीही लिहिते. इस्पितळात असताना औषध केव्हा घ्यावे, दूध किती प्यावे, जिना चढावा की नाही हे मला सगळ्यांनी सांगितले. बरे होऊन घरी गेल्यावर काय होते, हे कोणीही सांगितले नाही.

*

माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणतो, अकोल्याच्या एका जिनात, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्यात, रुईच्या गठाणी बांधत. मला मॅट्रिक करावे, पुढे मास्तरीणबाईचे ट्रेनिंग द्यावे, हा हट्ट त्यांचा. माझ्यासारख्या चार माणसांत तोंड न उघडणाऱ्या मुलीला त्यांनी ओढून शाळेपर्यंत नेले. छप्पन साली आमच्या घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा मी नुकतीच नोकरीला लागले होते. आबा नागपूरहून परतले ते वेगळ्याच चालीने चालत. त्यांची पाठ त्यापूर्वी इतकी ताठ मी पाहिली नव्हती.

त्यानंतर दोन वर्षांनी, चौथीच्या वर्गात गणित घेत असता मला खोकल्याची उबळ आली. रुमाल तोंडावरून काढला तर त्यावर रक्त होते. पुढच्या रांगेतल्या मुलींनी ते पाहिले. मी रुमाल घडी करून मुठीत ठेवला आणि गणित पूर्ण केले.

डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाकडे धरला आणि ते आबांशी बोलू लागले. मी समोरच्या स्टुलावर बसले होते. फोटो माझा, छाती माझी, त्या खोलीत इंग्रजी वाचता येणारी डॉक्टरांखेरीज मी एकटी. पण त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही.

“लग्न झालंय का हिचं?”

“नाही जी,” आबा म्हणाले.

“मग बरं आहे.”

त्या तीन शब्दांचा मला अजून संताप येतो. कोणाचे बरे होते? जो नवरा नव्हता, त्याचे? डॉक्टरांनी पुढे आमच्या वस्तीविषयी, हवेविषयी, तिथल्या माणसांच्या राहणीविषयी काही ऐकवले. रोग मी मुद्दाम बाजारातून आणला असावा असा त्यांचा सूर होता. आबा हात जोडून ऐकत राहिले. बाहेर पडल्यावर त्यांनी टांगा थांबवला, मला बसवले, आणि स्वतः बाजूने चालू लागले.

“आबा, बसा ना.”

“तू बस, बाई. मी येतो पायी.”

माझ्या जिवाला आराम पडावा म्हणून ते चालत आहेत, असे मी समजले.

*

अमरावतीच्या इस्पितळात बायकांचा कक्ष लांबट होता. दोन्ही बाजूंना लोखंडी खाटा, प्रत्येकीच्या खाली थुंकीचे झाकणाचे भांडे. पहाटे ताप पाहायचा, मग सुई, मग औषधाच्या त्या पुड्या. त्यांची चव मी सांगत नाही. ज्यांनी घेतल्या त्यांना सांगण्याची गरज नाही, आणि ज्यांना घ्यायच्या आहेत त्यांना कशाला सांगा. दुपारी सक्तीची विश्रांती. त्या वेळात बोलायचे नाही, वाचायचे नाही, कूस बदलायची तीही हळूच.

आणि रडायचे नाही. हा नियम कोठे लिहिलेला नव्हता, पण सर्वांत कडक तोच होता. रडल्याने छातीला ताण पडतो, ताप चढतो, वजन उतरते, असे सिस्टर सांगत. कक्षात फेरी घालताना त्या माझ्याकडे बोट दाखवीत. “या बाईंकडे पाहा. एकदा तरी डोळ्यांत पाणी दिसलं का? अशा लवकर बऱ्या होतात.” भित्र्या माणसाला शाबासकीची भूक फार असते. मी आणखी गप्प झाले.

माझ्या शेजारच्या खाटेवर पंचफुला होती. अकोटकडच्या एका खेड्यातली, वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, पिकवून आठवडी बाजारात विकणाऱ्या घरातली. पहिल्याच दिवशी तिने विचारले, “कोनापैकी वं तू?”

“आम्ही बौद्ध.”

“असू दे,” ती म्हणाली. “अठी सगळ्याईच्या थुंकीचा रंग एकच हाय.” आणि जवसाच्या चटणीची पुरचुंडी सोडून तिने तिच्याच बोटांनी माझ्या भाकरीवर चटणी ठेवली.

ही बाई रडत असे. आपण जसे वेळेवर औषध घ्यावे तशी, वेळेवर आणि मोठ्याने. तिच्या नवऱ्याने दुसरी करून आणली, हे तिच्या भावाने येऊन सांगितले होते. नवऱ्याला, त्या दुसरीला, सासूला, वाफ्यातल्या वांग्यांनासुद्धा नावे घेऊन ती रडे. मग तोंड धुई, आणि आपली भाकर संपवून माझ्या उरलेल्या भाकरीकडे पाही. मला तिचा विलक्षण त्रास होई. दुपारच्या शांततेत तिचा गळा निघाला, की मी उशी कानावर ओढून घेत असे.

“पंचफुला, वजन उतरेल,” सिस्टर दरडावत.

“उतरलं कोठी? काट्यावर उभं करून पाह्य ना, सिस्टरमाय. रडून रडून वाढून राहिलं.”

खरोखरच वाढत होते. माझे जागचे हलत नव्हते.

आबा रविवारची सुटी गाठून मोटारीने येत. संत्री आणत, ती सिस्टरच्या हाती देत, आणि व्हरांड्यातल्या खिडकीशी उभे राहून माझ्याशी बोलत. आत येत नसत. अंगावर जिनाचे कपडे आहेत, तंतू उडतात, असे म्हणत.

“तुये आबा पहारा देऊन राहिले काय वं?” पंचफुला म्हणाली. “येक डाव आत बोलाव ना त्याईले. स्टूल आहे.”

“रुईची भुकटी लागेल मला, म्हणून येत नाहीत.”

तिने माझ्याकडे टक लावून पाहिले. तिला उत्तर ठाऊक होते आणि ते तिने मला दिले नाही, एवढी माया तिच्यात होती. मग म्हणाली, “तू रडत कावून नाही? पोटात साठवून काय लोणचं घालतं काय त्याचं?”

“रडून काय होणार?”

“काई नाही होत. मोकयं होते. लोकायले वाटते रडनारी बाई कच्ची. कच्ची तर तू हायेस. मी तर पिकून खाली पडली, आता मले कोन काय करन?”

मी तिला अडाणी ठरवले आणि भिंतीकडे तोंड केले. ती माझ्या आधी गेली, भावाच्या घरी. पुढे तिचे काय झाले मला ठाऊक नाही.

*

मला सोडले त्या दिवशी इस्पितळातल्या डॉक्टरांनी आबांना समोर बसवून स्पष्ट शब्दांत सांगितले. थुंकीत आता जंतू नाहीत. हिच्यापासून कोणालाही धोका नाही. गोळ्या चालू ठेवायच्या, पण सर्वांबरोबर जेवू द्या, सर्वांत वावरू द्या. आबांनी प्रत्येक वाक्याला मान हलवली.

घरी पोहोचले तेव्हा चुलीवर वरण शिजत होते. घरात पितळी ताटे होती, मायने चिंचेने घासून लखलखीत ठेवलेली. ती तिने काढली. माझ्यापुढे मात्र जर्मनचे, म्हणजे ॲल्युमिनियमचे, एक नवे ताट आले. पातळ, पांढुरके, बोटाने दाबले तर वाकणारे. त्याबरोबर त्याच धातूची वाटी आणि पेला.

“वेगयं ठेवलेलं बरं असते, बाई,” माय म्हणाली. “तुयाच चांगल्यासाठी.”

जेवण झाल्यावर ते मी धुवायचे, आणि आत न नेता अंगणातल्या न्हाणीच्या भिंतीवर पालथे घालायचे. जेवायला बसायचे ते न्हाणीजवळच्या फरशीवर. पाणी मागितले, की माय पेल्यात वरून धार धरी. तांब्या पेल्याला लागणार नाही एवढी उंच.

ती धार मी ओळखली. ही धार आमच्या घरात सर्वांना ठाऊक होती. आबांनी तिच्याविषयी आम्हाला लहानपणापासून सांगितले होते. जिनासमोरच्या हॉटेलात त्यांचा कप वेगळा असे. कडुनिंबाच्या बेचक्यात ठेवलेला. आपला कप आपण काढायचा, हॉटेलवाला वरून चहा ओतणार, पिऊन आपणच विसळायचा आणि पुन्हा झाडात ठेवायचा. एके दिवशी आबांनी तो कप भरल्या हॉटेलात मधल्या टेबलावर ठेवला आणि ते निघून आले. त्यानंतर त्यांनी घराबाहेर चहा घेतला नाही.

त्या माणसाच्या अंगणात माझे ताट भिंतीवर होते. तो माणूस रोज सकाळी त्याच न्हाणीत तोंड धुई, आणि त्या ताटाकडे पाहत नसे.

आता मला टांगा आठवला. खिडकी आठवली. मी काय केले? काहीच नाही. शहाण्या रुग्णासारखी मी गप्प राहिले. आल्यागेल्यांत माय कौतुकाने सांगे, “मायी पोरगी लय सोशीक.” हा शब्द ऐकला की माझ्या छातीत जुन्या जागी दुखे. धीर धर, सोस, मन घट्ट कर, असे मला ज्यांनी ज्यांनी सांगितले त्यांच्या म्हणण्याचा खरा अर्थ एकच होता: तोंड उघडू नकोस, आमची पंचाईत होते.

*

दसऱ्याला, दीक्षेच्या दिवशी, आमच्या अंगणात वस्तीतली माणसे जमत. वंदना होई, मग खीर, आणि खीर खाता खाता आबांनी कपाची गोष्ट सांगायची असा पायंडा पडला होता. त्या वर्षीही पडवीत बसून त्यांनी ती सुरू केली. मी न्हाणीजवळ माझी वाटी घेऊन बसले होते. कोणाला त्याचे काही वाटले नाही. दुखण्यातून उठलेली पोर, बाजूला बसली असेल.

“मी त्याले म्हनलं,” आबा सांगत होते, “कप माया, धुतो मी, ठेवतो मी. मंग तू एवढ्या वरून चा कावून सोडतं? तू मले भेतं काय बे?”

माणसे हसली. या ठिकाणी दरवर्षी हसत.

“त्याच्याजवय जबाब नव्हता. कप मी मधात ठेवला टेबलावर. म्हनलं, माणसाले माणसाचा इटाळ होते हे ज्याच्या मनात हाय, त्याच्या हातचं पानीबी मी पेनार नाही.”

“बराबर हाय जी,” कोणीतरी म्हणाले.

मी ठरवून काहीच केले नाही. मला रडू फुटले. डोळे पुसून आवरता येते तसले नव्हे. पंचफुलासारखे, गळा काढून. खिरीची वाटी हातातून खाली ठेवण्याचेही सुचले नाही. सगळे वळून पाहू लागले. आबांचा चेहरा उजळला. मला आजही तो चेहरा डोळ्यांपुढे आणवत नाही.

“पाहा,” ते सर्वांना म्हणाले, “पोरीले किती लागलं. शिकलेली हाय ना. तिले समजते.”

तेव्हा मी बोलले. चार माणसांत मी पहिल्यांदा बोलले ते हे.

“आबा, मायं ताट कोठी असते ते सांगा ना याईले.”

कोणाला काही उमगले नाही. शेजारची म्हातारी, जिला नीट ऐकूही येत नसे, साळसूदपणे म्हणाली, “कोठी असते वं, बाई?”

“न्हाणीच्या भिंतीवर.”

“कावून?”

“इटाळ होते म्हणून.”

आबांनी खिरीची वाटी खाली ठेवली. चपला न घालताच ते अंगणातून बाहेर गेले.

*

मायने मला सोडले नाही. “भर माणसायत बापाची मान खाली घातली. हेच शिकली काय तू ट्रेनिंगात? ताट मी ठेवलं. बोलाचं होतं तर मले बोलाचं.”

“त्याईले दिसत नव्हतं?”

मग तिने मला जे सांगितले ते मी कधी ऐकले नव्हते. आबांचे थोरले भाऊ याच रोगाने गेले. आबा तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचे. भावाला भरवणे, त्यांची थुंकी उचलणे, शेवटी खांद्यावर नेणे, सगळे त्यांनी एकट्याने केले, आणि नंतर दोन वर्षे स्वतः खोकले की रात्रभर जागे राहत.

ऐकून मला आबांची दया आली. राग मात्र तसूभरही उतरला नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण भीतीचे मूळ समजले की क्षमा आपोआप होते असे लोक सांगतात. तसे होत नाही. भीतीला कारण होते. कपाच्या हॉटेलवाल्याजवळही त्याच्या समजुतीने काही कारण असेलच.

त्या दिवसांत मला जेव्हा रडू आले तेव्हा मी रडले. चुलीपुढे, शिवणापुढे, अंगणात, कोण पाहते याची तमा न बाळगता. ताप चढला नाही. छातीला काही झाले नाही. इतकी वर्षे ज्या दुःखाला मी दाराबाहेर उभे केले होते, ते आत आले, बसले, आणि मी त्याच्या शेजारी बसून माझी कामे करू शकते हे मला दिसले. माझ्या अंगात बळ आले ते असे. त्यात उदात्त काही नव्हते. लपवायला काही उरले नाही, की माणसाचे दोन्ही हात मोकळे होतात.

आबा माझ्याशी बोलत नव्हते. मग एका सकाळी मी न्हाणीजवळ जेवायला बसले असता ते आले. त्यांच्या हातात जर्मनचे नवे ताट होते. ते त्यांनी माझ्या ताटाशेजारी ठेवले आणि मांडी घातली.

“आजपासून मीबी याच्यातच,” ते म्हणाले. “अठीच.”

माय पडवीत डोळ्यांना पदर लावून उभी होती. शेजारच्या कुंपणावरून कोणीतरी पाहत होते. उद्या वस्तीभर होईल, मला कळले: पोरीसाठी बाप बाहेर जेवला. कपाच्या गोष्टीला दुसरी गोष्ट जोडली जाईल, आणि तीही आबांचीच असेल. माझे ताट जेथे होते तेथेच राहील.

“कावून?” मी विचारले.

“तू एकटी नको म्हणून.”

“आबा, तुमी बाहेर येऊन काय करता? मले आत घ्या.”

ते ताटाच्या काठावरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, “भेव वाटते, बाई.”

सगळ्या आजारपणात त्यांनी माझ्याशी बोललेले हे पहिले खरे वाक्य होते.

“वाटू द्या,” मी म्हटले. “मलेबी वाटते. पाहू आत बसून.”

मी उठले. माझे ताट तिथेच राहू दिले. पडवी ओलांडून चुलीजवळ गेले, फळीवरचे पितळी ताट आणि वाटी स्वतःच्या हाताने काढली आणि नेहमीच्या जागी बसले. मायला काय करावे कळेना. आबा मागून आले आणि भिंतीला टेकून बसले. तिने त्यांनाही पितळी ताट दिले.

आबांचा पहिला घास किती वेळ हातातच होता. मायने मला वरण वाढले ते पळी उंच धरून. काही थेंब ताटाबाहेर उडाले. मी पाहिले, आणि मला लागले. लागणारच होते. भीती त्यांची होती, ती त्यांनी सांभाळावी. मला भूक होती.

मी भाकर मोडली, वरण संपवले आणि पुन्हा मागितले. मायने पळी भरली, ती तशीच उंच. या वेळी मी वाटी उचलली आणि तिच्या पळीला टेकेपर्यंत वर नेली.